मुलकी व्यक्ती कोण? : सशस्त्र संघर्षातील संरक्षणाची भाषा

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर आपणांस
• ‘नागरिक’ आणि ‘मुलकी व्यक्ती’ या संज्ञांतील भेद सांगता येईल.
• मुलकी व्यक्तींच्या संरक्षणाची तीन तत्त्वे उदाहरणासह स्पष्ट करता येतील.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, ‘युद्धात नागरिकांवर हल्ला करू नये’ हे वाक्य आपण अनेकदा वाचले असेल. त्यातील ‘नागरिक’ हा शब्द मात्र तपासून पाहावा लागतो. राज्यशास्त्रात नागरिक म्हणजे राष्ट्राचा कायदेशीर सदस्य. या अर्थाने सैनिकही नागरिकच असतो. उलट, कोणत्याही देशाचे नागरिकत्व नसलेला निर्वासित नागरिक ठरत नाही. कायद्याला मात्र त्या निर्वासिताचेही रक्षण अभिप्रेत आहे. म्हणून ‘लष्करी’ या शब्दाच्या विरोधात मराठीत रूढ असलेला ‘मुलकी’ हा शब्द येथे अधिक अचूक ठरतो.

२. नकारातून केलेली व्याख्या

१९४९ च्या चार जिनिव्हा करारांपैकी चौथा करार मुलकी व्यक्तींच्या संरक्षणासाठी आहे. १९७७ च्या पहिल्या पूरक मसुद्यातील कलम ५० मुलकी व्यक्तीची व्याख्या नकारात्मक पद्धतीने करते : जी व्यक्ती सशस्त्र दलांपैकी नाही, ती मुलकी. पुढे असेही म्हटले आहे, की संशय असल्यास ती व्यक्ती मुलकीच मानावी. म्हणजेच संशयाचा फायदा बंदूक रोखणाऱ्याला नव्हे, तर समोरच्या माणसाला मिळतो. अर्थात, मुलकी व्यक्ती लढाईत प्रत्यक्ष भाग घेत असेल, तर तेवढ्या काळापुरते हे संरक्षण तिला मिळत नाही.

३. तीन तत्त्वे

(अ) भेदतत्त्व : हल्ला केवळ लष्करी लक्ष्यांवरच करावा.
(आ) प्रमाणबद्धता : अपेक्षित लष्करी लाभाच्या तुलनेत मुलकी हानी अवाजवी होणार असेल, तर हल्ला निषिद्ध ठरतो.
(इ) दक्षता : लक्ष्याची खातरजमा करावी आणि परिस्थिती अनुकूल असल्यास पूर्वसूचना द्यावी.

भारताने १९४९ चे करार स्वीकारून १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. १९७७ च्या मसुद्यांत मात्र भारत सहभागी नाही. तरीही वरील तत्त्वे रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग मानली जात असल्याने ती सर्वांवर बंधनकारक आहेत.

४. उदाहरण : सारायेव्हो

१९९२ ते १९९६ या काळात बोस्नियाची राजधानी सारायेव्हो वेढ्यात होती. पाणी भरायला किंवा सरपण गोळा करायला बाहेर पडलेली माणसे दूरवरून झाडलेल्या गोळ्यांना बळी पडत. वेढा घालणाऱ्या दलाचे एक सेनापती स्तानिस्लाव गालिच यांच्यावर हेग येथील न्यायाधिकरणात खटला चालला. मारली गेलेली व्यक्ती मुलकी आहे, हे हल्लेखोराला कळणे शक्य होते काय, हा त्यातील एक कळीचा प्रश्न होता. पोशाख, वय, चाललेले काम यांवरून ते ठरवता येते, अशी भूमिका न्यायाधीशांनी घेतली. २००३ मध्ये गालिच यांना २० वर्षांची शिक्षा झाली. २००६ मध्ये अपिलात ती जन्मठेपेत बदलली.

पाण्याची बादली हे तिथे केवळ घरगुती भांडे उरले नव्हते; ते धरणारा माणूस मुलकी असल्याची ती खूण होती. ती खूण वाचण्याची जबाबदारी कायदा शस्त्रधाऱ्यावर टाकतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘मुलकी व्यक्ती’ची व्याख्या नकारात्मक असल्यामुळे संरक्षणाची व्याप्ती वाढते की घटते? सकारण लिहा.
२. एका शाळेच्या आवारात तोफ ठेवली आहे आणि वर्गांत मुले आहेत. तिन्ही तत्त्वे लावून आपले उत्तर मांडा.