परदेशी पाहुणा आपल्या पंक्तीला

शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे मोर पाहायला येणारे पाहुणे घरगुती पिठले-भाकरी जेवूनच परततात. जवळच रांजणगावला परदेशी कंपन्यांचे कारखाने आहेत. तेव्हा उद्या एखादा परदेशी साहेब तुमच्याही ओट्यावर येऊन बसेल.

मग आपली धांदल उडते. कोणी ब्रेड आणायला पळतो, कोणी पनीर शोधतो. वहिनी, तसे करू नका. ब्रेड त्याला त्याच्या घरीही मिळतो, मासवडी मिळत नाही. शिजवलेल्या बेसनाच्या पोळीत तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण यांचे सारण भरा, वड्या कापा आणि रश्श्याबरोबर वाढा. नावात मासा असला तरी वडीत नाही, हे आधी सांगा.

रस्सा मिळमिळीत करू नका. वाटीत वेगळा द्या, शेजारी दही ठेवा. झेपेल तेवढा तो घेईल. प्यायला उकळून गार केलेले पाणी द्या.

एक गोष्ट मात्र वाढण्याआधीच विचारा: तीळ, शेंगदाणे चालतात ना? काहींना ते बाधतात. घसा सुजतो, श्वास कोंडतो, जिवावर बेतते. तो नको म्हणाला की आपला नेहमीचा आग्रह तिथेच थांबवा.

दौंडकडे गुऱ्हाळ चालू असेल तर भाकरीवर काकवी घाला. तिखटाने पोळलेली जीभ निवते.

आणि पाहुणीला चुलीपाशी बसवून पिठाचा एक गोळा हातात द्या. तिची भाकरी परातीतच फाटेल. तीही भाजा आणि तिच्याच ताटात वाढा.