सडपातळ बांध्यातला मधुमेह

प्रौढ वयात जडणारा मधुमेह, म्हणजेच टाइप २ मधुमेह, हा गोडाच्या आवडीचा आणि सुटलेल्या पोटाचा आजार मानला जातो, आणि या समजुतीतला पोटाविषयीचा भाग बराचसा खरा असला, तरी तेवढ्याने भारतीय रुग्णांचे कोडे सुटत नाही; कारण युरोपीय लोकांच्या तुलनेत भारतीयांना हा आजार सुमारे दहा वर्षे आधी आणि पुष्कळ कमी वजनावर गाठतो.

रक्तातली साखर स्नायूंनी उचलावी आणि यकृताने नवी साखर सोडणे आवरते घ्यावे, हा निरोप स्वादुपिंडातील बीटा पेशींमधून स्रवणारे इन्शुलिन देत असते. हा निरोप ऊतींना पुरेसा उमजेनासा झाला, की त्या स्थितीला इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात. तेव्हा बीटा पेशी अधिक इन्शुलिन स्रवून वेळ निभावून नेतात, मात्र त्या थकू लागल्या की साखर वाढते. त्वचेखालच्या चरबीची साठवणक्षमता संपल्यावर उरलेली चरबी यकृतात, स्वादुपिंडात आणि पोटातील अवयवांभोवती साचू लागते, व या दोन्ही बिघाडांना तीच हातभार लावते. ही क्षमता प्रत्येकाची वेगळी असल्याने धोक्याचे वजनही प्रत्येकाचे वेगळे ठरते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे नेमका सारखा होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के भरली. युडकिन मॅरेथॉन धावणारे, आणि याज्ञिकांचा व्यायाम त्यांच्याच मिस्कील कबुलीनुसार लिफ्टचे दार बंद होण्याआधी पळत आत शिरण्यापुरता, तेव्हा हा फरक निव्वळ व्यायामाचा आहे, असा आक्षेप कोणीही घेईल, आणि दोन माणसांच्या तुलनेपुरता तो रास्तही आहे.

नवजात अर्भकांना मात्र हा आक्षेप लागू पडत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींच्या आहाराचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात मुदत भरून जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. पुण्याची बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी बरीच खुजी होती, पण खांद्याच्या फऱ्यामागची, कातडीची चिमटी धरून मोजलेली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. अपुऱ्या पोषणात वाढलेला गर्भ मेंदूसाठी इतर अवयवांची वाढ आखडती घेतो आणि पुढे मुबलक अन्न मिळाल्यावर तीच काटकसर अंगाशी येते, असे प्रतिपादन हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ मध्ये केले होते. पुण्याच्या अभ्यासाने त्यात उष्मांकांपलीकडचा एक धागा जोडला: ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिन-प्रतिरोध सर्वाधिक आढळला. यातून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणणे घाईचे ठरेल, तरी दुधाखेरीज प्राणिज पदार्थ क्वचितच ताटात येणाऱ्या समाजात हा इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असणे, गरोदरपणात साखर वाढलेली असणे, बीजकोशांचा पीसीओएस हा विकार, धूम्रपान, अपुरी झोप आणि स्टेरॉइड औषधांचा दीर्घ वापर ही कारणे सर्वपरिचित आहेत. अनुवंशिकतेत एकच एक जनुक दोषी नसते. टीसीएफ७एल२ या जनुकातील बदलासारख्या अनेक बदलांचा थोडाथोडा वाटा एकत्र येतो. कमी वजनातही चरबी जास्त असू शकते, म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची सुरक्षित मर्यादा २३ पर्यंत खाली आणली गेली, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरपर्यंतच सुरक्षित मानला गेला.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने साखर सीमारेषेवर असलेल्या लोकांना आहार व चालण्याचा सल्ला देऊन जी चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा २८.५ टक्क्यांनी घटले, तेही त्यांचे वजन फारसे उतरलेले नसताना.