शब्दसंसाधकातील दस्तऐवजाचे वेबपानात रूपांतर

मायक्रोसॉफ्ट वर्ड, लिबरऑफिस रायटर किंवा गूगल डॉक्स यांसारख्या शब्दसंसाधकात तयार केलेला मजकूर त्याच्या मांडणीसह एचटीएमएल या वेबच्या भाषेत आणण्याच्या प्रक्रियेला शब्दसंसाधकातील दस्तऐवजाचे वेबपानात रूपांतर असे म्हणतात. मथळे, परिच्छेद, याद्या, तक्ते, तळटिपा, चित्रे आणि ठळक वा तिरकी अक्षरे यांचा अर्थ न बदलता त्यांना वेबवर समतुल्य रूप देणे हा या प्रक्रियेचा हेतू असतो. शब्दसंसाधक ठरावीक आकाराच्या कागदासाठी मजकूर रचतो, तर वेबपान कोणत्या आकाराच्या पडद्यावर उघडले जाईल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे दस्तऐवजाचे दृश्य रूप जसेच्या तसे उतरवणे सहसा शक्य नसते. त्याची रचना मात्र पूर्णपणे जपता येते, आणि रूपांतराची गुणवत्ता मुख्यतः त्यावरच ठरते.

पार्श्वभूमी

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. तिच्यासाठी तयार झालेली एचटीएमएल ही खुणांची भाषा आहे. हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा अशा प्रकारे मजकुराच्या प्रत्येक भागाचे कार्य त्या खुणा सांगतात. मजकूर दिसावा कसा, हे सांगणे हा या भाषेचा मूळ उद्देश नव्हता. दृश्य रूपासाठी होकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएस या स्वतंत्र शैलीभाषेचा प्रस्ताव मांडला. तिची पहिली आवृत्ती डब्ल्यू३सी या मानक संस्थेने डिसेंबर १९९६ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केली.

शब्दसंसाधकांचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. वर्डची पहिली आवृत्ती १९८३ मध्ये आली. छापील पान पडद्यावरच पाहता यावे, हे अशा प्रणालींचे आकर्षण होते. पुढे वर्डमध्येच दस्तऐवज वेबपान म्हणून साठवण्याची सोय झाली. ऑफिस २००० या संचात तयार होणाऱ्या एचटीएमएल फाइलमध्ये वर्डच्या स्वतःच्या असंख्य नोंदीही लिहिल्या जात, कारण तीच फाइल पुन्हा वर्डमध्ये उघडल्यास काहीही हरवू नये अशी अपेक्षा होती. परिणामी लहानशा पत्राचेही वेबपान फार अवजड होई. अशा नोंदी वगळून साठवण्यासाठी पुढे ‘फिल्टर्ड’ हा वेगळा पर्याय देण्यात आला.

दस्तऐवजाची अंतर्गत रचना

ऑफिस २००७ पासून वर्डचे प्रचलित स्वरूप डॉक्सएक्स हे आहे. ते २००६ मध्ये एक्मा ३७६ आणि २००८ मध्ये आयएसओ/आयईसी २९५०० या क्रमांकाचे मानक झाले. लिबरऑफिसचे ओडीटी हे स्वरूप ओपनडॉक्युमेंट या मानकात मोडते. त्याला ओअ‍ॅसिस या संस्थेने २००५ मध्ये मान्यता दिली आणि २००६ मध्ये ते आयएसओ मानक झाले.

दोन्ही प्रकारच्या फाइली प्रत्यक्षात झिप पद्धतीने बांधलेली गाठोडी असतात. डॉक्सएक्स फाइल उलगडल्यास मुख्य मजकूर एका एक्सएमएल फाइलमध्ये, शैली दुसरीत, क्रमांकनाचे नियम तिसरीत, तळटिपा चौथीत आणि चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये आढळतात. मुख्य मजकूर परिच्छेदांत आणि प्रत्येक परिच्छेद एकसारख्या स्वरूपाच्या तुकड्यांत विभागलेला असतो. वाक्यातील एकच शब्द ठळक केला, तर त्या वाक्याचे साधारणतः तीन तुकडे होतात.

प्रत्येक तुकड्याला स्वरूप दोन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग शैलीचा: लेखक परिच्छेदाला ‘मथळा १’ ही शैली देतो आणि अक्षराचा आकार, रंग, अंतर हे सर्व त्या शैलीतून येते. दुसरा मार्ग थेट स्वरूपणाचा: लेखक मजकूर निवडून अक्षर मोठे व ठळक करतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. फाइलमध्ये मात्र पहिल्या ठिकाणी ‘हा मथळा आहे’ अशी नोंद असते, तर दुसऱ्या ठिकाणी केवळ ‘हा ठळक, मोठा परिच्छेद आहे’ एवढीच माहिती मिळते. रूपांतरातील बहुतेक अडचणींचे मूळ या भेदात आहे.

घटकनिहाय रूपांतर

मथळे: वर्डमध्ये मथळ्यांच्या ९ पातळ्या आहेत, एचटीएमएलमध्ये ६. शैली वापरून दिलेले मथळे थेट उतरतात. त्यांवरून वेबपानाची अनुक्रमणिका आपोआप तयार करता येते, आणि दृष्टिहीन वाचक वापरतात ते स्क्रीन रीडर मथळ्यावरून मथळ्यावर जाऊ शकतात. केवळ ठळक केलेल्या ओळींच्या बाबतीत या दोन्ही सोयी मिळत नाहीत.

याद्या: एचटीएमएलमध्ये यादी ही एक पेटी असते आणि तिच्यातील मुद्दे तिच्या आत असतात, पोटयादी मुद्द्याच्या आत बसते. डॉक्सएक्समध्ये अशी पेटी नसते. प्रत्येक परिच्छेदावर तो कोणत्या यादीचा आणि कितव्या पातळीचा आहे, एवढेच नोंदवलेले असते. त्यामुळे सलग परिच्छेद वाचून यादी पुन्हा रचावी लागते. लेखकाने ‘१.’, ‘२.’ असे आकडे हाताने टाइप केले असतील, तर रूपांतर करणाऱ्या प्रणालीला ती यादी म्हणून ओळखता येत नाही.

तक्ते: आडव्या वा उभ्या दिशेने एकत्र केलेल्या चौकटींसाठी दोन्ही स्वरूपांत तरतूद आहे, त्यामुळे साधे तक्ते नीट उतरतात. चित्रे किंवा स्तंभ शेजारीशेजारी बसवण्यासाठी केलेले अदृश्य रेषांचे तक्ते मात्र मोबाइलच्या अरुंद पडद्यावर त्रासदायक ठरतात.

तळटिपा: वेबपानाला छापील पानासारखा तळ नसतो. म्हणून टिपा लेखाच्या शेवटी एकत्र दिल्या जातात. मजकुरातील क्रमांकावरून टिपेकडे आणि टिपेकडून पुन्हा मजकुराकडे नेणारे दुवे जोडले जातात.

मोकळ्या जागा: सलग अनेक स्पेस आणि टॅब वेबपानात एकाच स्पेसएवढे दिसतात. ओळ मधोमध आणण्यासाठी स्पेसबार दाबत राहणे किंवा नवे पान सुरू करण्यासाठी रिकाम्या ओळी सोडणे या सवयींचा परिणाम रूपांतरानंतर लगेच दिसतो.

मापे: वर्ड अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटच्या एककात आणि समास इंचाच्या १४४०व्या भागात मोजतो. सीएसएसमध्ये १ इंच म्हणजे ९६ पिक्सेल धरले जातात. त्यानुसार १२ पॉइंट म्हणजे १६ पिक्सेल होतात. हे गणित अचूक असले, तरी निश्चित मापांपेक्षा पडद्यानुसार बदलणारी सापेक्ष मापे वेबवर अधिक सोयीची ठरतात.

चित्रे: चित्रे स्वतंत्र फाइली म्हणून काढून पानाला जोडली जातात. लेखकाने चित्राचे वर्णन लिहिले असल्यास ते पर्यायी मजकूर म्हणून नेता येते. डब्ल्यूएमएफ व ईएमएफ या जुन्या स्वरूपांतील आकृत्या ब्राउझर दाखवत नाहीत; त्या आधी पीएनजी किंवा एसव्हीजीमध्ये बदलाव्या लागतात.

पद्धती व साधने

रूपांतराच्या साधारण तीन पद्धती आहेत. पहिली म्हणजे शब्दसंसाधकातूनच वेबपान म्हणून साठवणे. यात दृश्य साम्य बऱ्यापैकी राहते, परंतु प्रत्येक परिच्छेदावर स्वतंत्र स्वरूपण लिहिले गेल्याने पान अवजड होते व संकेतस्थळाच्या स्वतःच्या शैलीशी जुळत नाही. मजकूर थेट संकेतस्थळाच्या संपादन चौकटीत चिकटवल्यावरही हाच अनुभव येऊ शकतो.

दुसऱ्या पद्धतीत केवळ रचना उतरवली जाते. जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये सुरू केलेली पॅनडॉक ही मुक्त आज्ञावली दस्तऐवज आधी एका मध्यवर्ती रचनेत वाचते आणि मग एचटीएमएल, विकिसंहिता, ईपब आदी स्वरूपांत लिहिते. मॅमथ ही आज्ञावली डॉक्सएक्समधील शैलींची एचटीएमएलच्या खुणांशी जोडी लावते. ‘उद्धृत’ नावाची शैली आढळली तर उद्धरणाची खूण द्यावी, असे नियम वापरकर्ता स्वतः ठरवू शकतो. रंग व आकार यांसारख्या दृश्य बाबी यात बहुतांशी गळतात आणि त्यांची जागा संकेतस्थळाची सीएसएस घेते.

तिसरी पद्धत पान हुबेहूब जपण्याची आहे. शासकीय आदेश किंवा प्रमाणपत्र यांसारख्या दस्तऐवजांत दृश्य रूपालाच महत्त्व असते. तेथे पीडीएफ हे स्वरूप वापरले जाते आणि वेबपानावर त्याचा दुवा देण्यात येतो.

मराठी मजकुरातील विशेष अडचणी

मराठीत रूपांतराचा प्रश्न अक्षरांपर्यंत पोहोचतो. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी, आणि मुद्रणव्यवसायात त्यानंतरही बराच काळ, मराठी मजकूर श्री-लिपी, डीव्ही-टीटी, शिवाजी, कृतीदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केला गेला. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फाइलमध्ये साठवलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरे व चिन्हे यांचीच मालिका असते. फॉन्ट लावल्यामुळे ती मराठी दिसते. असे पान तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले तर अर्थहीन चिन्हे दिसतात. फॉन्ट पुरवला तरी तो मजकूर शोधयंत्रात मराठी शब्दाने सापडत नाही आणि स्क्रीन रीडरला वाचता येत नाही.

यावर उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणे. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात ‘क’चा संकेतांक दशमान पद्धतीत २३२५ आहे. मात्र एका चिन्हाऐवजी दुसरे ठेवून हे काम भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘कि’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी येते, युनिकोडमध्ये ‘क’ आधी येतो. ‘अर्थ’ या शब्दात जुना फॉन्ट रफार ‘थ’नंतर ठेवतो, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त ‘थ’च्या आधी येतात. प्रत्येक फॉन्टकुळाची संकेतरचना वेगळी असल्याने परिवर्तकही वेगळा लागतो.

येथे सामान्य नियमाला एक अपवाद निर्माण होतो. एरवी फॉन्टचे नाव ही टाकून देण्याजोगी दृश्य बाब असते. जुन्या मराठी फाइलीत मात्र कोणता तुकडा मराठी, कोणता खरोखर इंग्रजी आणि कोणता तक्ता वापरून तो उलगडायचा, हे केवळ त्या नावावरून कळते. म्हणून आधी अक्षरांचे परिवर्तन आणि नंतर स्वरूपणाची स्वच्छता, हा क्रम पाळणे आवश्यक असते. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून मूळ प्रत नष्ट केल्यास फॉन्टची ही नोंद कायमची हरवते.

युनिकोडमधील मजकुरातही काही बारकावे आहेत. डॉक्सएक्समध्ये देवनागरीचा समावेश जटिल लिप्यांत होतो. अशा लिप्यांचा फॉन्ट, आकार आणि ठळकपणा रोमन मजकुराहून वेगळ्या नोंदींत ठेवला जातो. केवळ रोमन नोंदी वाचणाऱ्या प्रणालीच्या हातून मराठीतील ठळक शब्द साधे होऊ शकतात. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. हा फरक अर्ध्या ‘र’च्या रूपात आहे. हे रूप काही मजकुरांत ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह असे लिहिलेले असते. अदृश्य चिन्हे सरसकट पुसणाऱ्या स्वच्छता-आज्ञावलीने ते जोडचिन्ह काढले, तर आचाऱ्यांचे आचार्य होतात. वेबपानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवल्यास तशी सोय असलेले फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दाखवतात, तर अक्षरसंकेतन यूटीएफ-८ असे घोषित केल्याने देवनागरी अक्षरे सर्व ब्राउझरमध्ये नीट उमटतात.

गोपनीयता व तपासणी

दस्तऐवजात दिसते त्याहून अधिक माहिती असू शकते. बदलांचा मागोवा चालू असेल, तर खोडलेली वाक्ये फाइलमध्ये शिल्लक असतात. चित्राचा कापलेला भाग तो कायमचा पुसून टाकेपर्यंत मूळ चित्रात तसाच राहतो. टिप्पण्या आणि लेखकाचे नावही साठवलेले असते. रूपांतरापूर्वी सर्व बदल स्वीकारणे वा नाकारणे, टिप्पण्या काढणे आणि कापलेली चित्रे नव्याने साठवणे आवश्यक ठरते. अन्यथा जाणीवपूर्वक वगळलेला मजकूर सार्वजनिक होण्याचा धोका असतो.

रूपांतरित पान मूळ प्रतीशी ताडून पाहताना मथळ्यांचा क्रम, याद्यांचे क्रमांक, तळटिपांचे दुवे, तक्त्यांतील चौकटी आणि चित्रांचे पर्यायी मजकूर तपासले जातात. मराठी पानात त्याखेरीज जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांट्या पाहाव्या लागतात. पानातील एखादा मराठी शब्द ब्राउझरच्या शोधचौकटीत टाइप करून पाहणे ही सोपी कसोटी आहे. तो शब्द डोळ्यांना दिसत असूनही सापडत नसेल, तर पानावर अक्षरांचे केवळ आकार उतरले आहेत, अक्षरे उतरलेली नाहीत असे समजावे.