लाल पानांमागचा विषाणू
कॅलिफोर्नियातल्या नापा व्हॅलीत २००८ साली काळ्या द्राक्षांच्या वेलींवर लाल डाग दिसले. लीफरोल हा आधीपासून माहीत असलेला विषाणूरोग समजून चाचण्या केल्या, तर निकाल निगेटिव्ह! पुढे उलगडलं, हा नवाच डीएनए विषाणू आहे: रेड ब्लॉच. यात मण्यांत साखर नीट भरत नाही. पांढऱ्या जातींची पानं तर लालही होत नाहीत, मग नुसतं बघून ओळखणार कसं?

म्हणून मला ‘लॅम्प’ चाचणीचं भारी कौतुक. पीसीआर या डीएनए चाचणीसारखं तापमान वरखाली करायला नको. साधारण ६५ अंश सेल्सिअसवरच विषाणूच्या डीएनएच्या प्रती वाढतात. देठाला टाचणी टोचायची, पाण्यात बुडवायची, त्या पाण्याचा थेंब चाचणीच्या द्रावणाच्या नळीत टाकायचा. तासाभरात गुलाबीचा पिवळा रंग झाला, की वेल बाधित. या रोगावर औषध नाहीच, वेल उपटायची, आणि तिच्या काड्या कलमाला अजिबात घ्यायच्या नाहीत.