माहिती पुरेशी आहे का?

गणिताचा प्रश्न दिसला की आपण लगेच आकडेमोड सुरू करतो. पण स्पर्धा परीक्षांत एक वेगळाच प्रकार असतो. त्यात उत्तर काढायचे नसते. उत्तर काढण्याइतकी माहिती दिली आहे की नाही, एवढेच सांगायचे असते. याला 'माहितीची पर्याप्तता' म्हणतात. पर्याप्त म्हणजे पुरेशी. आपल्या उर्दूत 'काफी'. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून हा घटक आहे आणि त्याची पातळी दहावीचीच ठेवलेली आहे. म्हणून त्याची भीती बाळगू नका.

एक उदाहरण पाहा. सलमा आणि इरफान यांच्या वयांची बेरीज २८ वर्षे आहे. सलमाचे वय किती?

विधान १ : सलमा इरफानपेक्षा मोठी आहे.
विधान २ : दोघांच्या वयांत ४ वर्षांचा फरक आहे.

प्रथम फक्त पहिले विधान घ्या. सलमा १५ वर्षांची असेल किंवा २० वर्षांचीही असेल. म्हणून हे विधान एकटे अपुरे आहे.

आता दुसरे विधान वाचा. पण त्याआधी पहिले विधान हाताने झाका. बहुतेक मुले इथेच फसतात. सलमा मोठी, हे त्यांच्या डोक्यात राहिलेले असते. म्हणून 'वय १६, दुसरे विधान पुरेसे' असे लिहून ती मोकळी होतात. पण कोण मोठे, हे दुसरे विधान सांगतच नाही. सलमा १६ वर्षांची असेल किंवा १२ वर्षांची. म्हणजे हेही एकटे अपुरे.

शेवटी दोन्ही विधाने एकत्र घ्या. १६ हे एकच उत्तर उरते. म्हणून दोन्ही विधाने मिळून माहिती पुरेशी आहे.

काही प्रश्नांचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे असते. समजा, एका नैसर्गिक संख्येला ४ ने निःशेष भाग जातो. ती मूळ संख्या आहे का? नाही, कारण तिला २ नेही भाग जातो आणि ती २ पेक्षा मोठी आहे. उत्तर 'नाही' आले म्हणून माहिती अपुरी समजू नका. ठाम 'नाही' हेही पूर्ण उत्तर आहे. कधी 'हो' आणि कधी 'नाही' असे येत असेल, तरच माहिती अपुरी.

मित्रांनो, ही सवय परीक्षेपुरती नाही. कोणाविषयी काही ऐकले, तर मत बनवण्याआधी स्वतःला विचारा : मला नक्की काय सांगितले गेले आणि मी मनाने काय जोडले?