गंगाराम घरी आला, चौकट बाहेर राहिली

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘अल्फा टीव्ही मराठी’ ही वाहिनी सुरू झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण जिल्ह्याच्या वयाची जी पिढी हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा या तालुक्यांत वाढली, तिचे सिनेमाशी नाते कसे जुळले हे समजून घ्यायचे तर या दोन तारखा शेजारी ठेवाव्या लागतात. महेश कोठारे यांचा ‘धडाकेबाज’ १९९० साली प्रदर्शित झाला, तेव्हा ही पिढी जन्मलीही नव्हती. त्यातले नट लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले, तेव्हा ती पाटी-पेन्सिलीच्या वयात होती. तरीही त्यातला बाटलीतला गंगाराम कोण आणि खलनायक कवट्या महाकाळ कोण, हे तिला कुणी समजावून सांगावे लागत नाही. ही ओळख थिएटरने करून दिलेली नाही. ती कॅसेटने, व्हीसीडीने, वाहिन्यांनी आणि शेवटी मोबाइलने करून दिली. म्हणजे मराठीतल्या या अद्भुतपटाला अभिजातपण मिळाले ते घरात. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. सिनेमा घरी येणे ही त्याची दुसरी निर्मिती असते. आपण ती निष्काळजीपणे केली, आणि तिची किंमत नेमकी त्याच प्रेक्षकाने मोजली ज्याच्याकडे दुसरा पर्याय नव्हता.

‘धडाकेबाज’ची ओळख मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट अशी सांगितली जाते. या ओळखीकडे केवळ जाहिरातीचा मुद्दा म्हणून पाहिले की तिचे मर्म हातचे निसटते. सिनेमास्कोपची चौकट उंचीच्या साधारण २.३५ पट रुंद असते. विनोदी संवादांच्या सिनेमाला एवढ्या रुंदीचे फारसे काम नसते. दोन माणसे समोरासमोर उभी राहिली की भागते. पण इथे लक्ष्मीकांत बेर्डे दोन रूपांत आहेत. एक नेहमीच्या उंचीचा लक्ष्या आणि दुसरा बाटलीत मावेल एवढा गंगाराम. अशा कथेत गंमत संवादाइतकीच आकारांच्या तुलनेत असते. केवढा माणूस आणि केवढी बाटली, हे एका दृष्टिक्षेपात दिसले तरच हसू येते आणि अचंबाही वाटतो. दुहेरी भूमिकेचा खेळही चौकटीच्या दोन बाजूंवर उभा असतो. एकीकडे हा, दुसरीकडे तो, आणि मधली जागा दोघांना जोडणारी. साहसपटातली मारामारी, पाठलाग, खलनायकाचा अड्डा हे सगळेही जागेच्या ऐसपैसपणावर जगते.

अद्भुत आणि जागा यांचे हे नाते हिंगोलीच्या माणसाला नवे नाही. औंढ्याच्या नागनाथाचे देऊळ नामदेवांसाठी फिरले ही कथा जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक असते, आणि नामदेवांचे नर्सी याच जिल्ह्यातले. ही कथा सांगणारा नुसते शब्द सांगून थांबत नाही. नंदी देवळाच्या मागच्या अंगाला आहे, तिकडे तो बोट दाखवतो. कीर्तन मागे चालले होते, देऊळ तिकडे वळले, नंदी होता तिथेच राहिला. कथेचा सगळा जोर या मांडणीत आहे. त्या जागेचा फोटो काढताना कुणी नंदी चौकटीबाहेर ठेवला, तर कथा तीच राहील, पण पुराव्यासाठी उचललेले बोट कुठे दाखवायचे हे कळणार नाही. अद्भुतपटाची कडा कापली की त्याचे असेच होते.

आता क्रमाने पाहू. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि पाठोपाठ व्हीसीआरही पसरला. मराठवाड्याच्या गावांत तो घराघरांत आला नाही. वर्गणी काढून, गणपतीत किंवा लग्नाच्या निमित्ताने, टीव्हीसकट एका रात्रीसाठी भाड्याने आला. एका रात्रीत तीन-तीन सिनेमे उरकायचे, असा तो बेत असे. जत्रेतल्या तंबू थिएटरने जी सवय लावली होती, तीच व्हिडिओने लहान पडद्यावर पुढे नेली. व्हीएचएस कॅसेटवर चित्राचा बारकावा आधीच कमी, त्यात कॅसेटवरून कॅसेट काढली की प्रत्येक पिढीगणिक रंग पसरत आणि कडा विरघळत. सरकारचे लक्ष या काळात होते ते चोरीकडे. १९८४च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात व्हिडिओ फिल्मवर हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत दाखवणे बंधनकारक झाले. कॅसेट कुणाची आहे हे त्यावर छापलेले असलेच पाहिजे, असे ठरले. कॅसेटवर सिनेमाचा किती भाग आहे, हे छापण्याची गरज मात्र कुणाला वाटली नाही.

हा ‘किती भाग’चा प्रश्न साध्या गणिताने सुटतो. तेव्हाच्या टीव्हीची चौकट ४ बाय ३, म्हणजे उंचीच्या १.३३ पट रुंद. २.३५ पट रुंदीचे चित्र तीत बसवायचे तर दोनच मार्ग उरतात. एकतर वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवायच्या आणि पडद्याची जवळपास त्रेचाळीस टक्के जागा रिकामी सोडायची, नाहीतर पडदा भरून टाकायचा आणि तेवढेच, त्रेचाळीस टक्के, चित्र दोन्ही बाजूंनी कापून टाकायचे. काळ्या पट्ट्या दिसल्या की ‘सिनेमा अर्धाच दिसतो’ अशी गिऱ्हाइकाची तक्रार येणार, हे विक्रेत्याला माहीत. त्यामुळे सिनेमास्कोप चित्रपटांच्या वाट्याला बहुधा कात्री आली. खरे तर पट्ट्यांमुळे सिनेमा पूर्ण दिसतो आणि पडदा भरल्याने तो अर्धा होतो, पण हे गिऱ्हाइकाला सांगायचे कुणी? एकाच चौकटीत ठेवलेल्या दोन व्यक्तिरेखांपैकी एक कापली गेली की तिचा नुसता आवाज यायचा, आणि प्रेक्षक ते सिनेमाचेच तंत्र समजून घ्यायचा.

मग आली व्हीसीडी. भारतातल्या व्हीसीडीवरचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे, म्हणजे सुमारे एक लाख बिंदूंचे. डीव्हीडीवर ते याच्या चौपट. एका डिस्कवर तास-सव्वा तासाचाच ऐवज मावतो, म्हणून एक सिनेमा दोन किंवा तीन डिस्कांत विभागलेला. दिग्दर्शकाने ठरवलेले मध्यंतर एकीकडे राहायचे आणि डिस्क जिथे संपेल तिथे नवे मध्यंतर व्हायचे. २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा पायरेटेड आणि अस्सल डिस्कमधले किमतीचे अंतर जवळजवळ मिटले. त्याच वर्षी ‘झी टॉकीज’ सुरू झाली आणि जुन्या मराठी सिनेमांचा चोवीस तासांचा रतीब लागला. २००९ साली राज्याने झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी केलेल्या १९८१च्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरेट्सनाही बसवले. म्हणजे स्वस्त अस्सल माल होता, कडक कायदा होता, रोजचे प्रक्षेपण होते. हिंगोलीसारख्या भारनियमनाच्या जिल्ह्यात वीज आली की डिस्क लावायची ही सोय तर वाहिनीपेक्षाही मोठी होती, कारण वाहिनी वीज येण्याची वाट पाहत नाही. या काळाचे श्रेय नाकारता येणार नाही. पण अस्सल डिस्कमध्येही अस्सल होता तो परवाना. चित्र बहुतेक वेळा आधीच्याच कापलेल्या, विटलेल्या टेपवरून उतरवलेले असे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. लोकांना सिनेमा आवडला, संवाद पाठ झाले, कवट्या महाकाळचा मुखवटा लक्षात राहिला. मग कडा कापल्या म्हणून बिघडले काय? शिवाय ग्रामीण थिएटरात तरी सिनेमास्कोप नीट दिसला असेल कशावरून? सिनेमास्कोपचे चित्र फिल्मवर आडवे दाबून घेतलेले असते आणि प्रोजेक्टरला खास भिंग लावून ते पुन्हा ताणावे लागते. भिंग नसेल तर माणसे लांबुडकी दिसतात. हे सगळे खरे आहे. पण एका थिएटरातली चूक त्या खेळापुरती असते. प्रिंटमध्ये चित्र पूर्ण असते आणि पुढच्या गावी योग्य भिंग मिळाले की ते पूर्ण दिसते. टेपवर उतरवताना कापलेली बाजू मात्र पुढच्या प्रत्येक गावी, प्रत्येक घरी कापलेलीच राहते. राहिला आवडण्याचा मुद्दा. अर्ध्याहून थोड्याच अधिक चित्रावर एवढे प्रेम बसले, हे त्या नटांचे आणि दिग्दर्शकाचे मोठेपण आहे. त्यावरून उरलेले चित्र अनावश्यक होते असे ठरत नाही. उलट मराठी सिनेमा ‘ऐकण्याचा’ असतो, त्यात दिसण्यासारखे फार नसते, हा समज पक्का व्हायला या प्रतींनी हातभार लावला.

घरच्या पडद्याने सिनेमा मोठा करणे आणि त्याच वेळी तो बिघडवणे, हे फक्त आपल्याकडे घडले असे नाही. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा १९३९चा हॉलिवूडचा अद्भुतपट पहिल्या प्रदर्शनात आपला खर्चही भरून काढू शकला नाही. ३ नोव्हेंबर १९५६ला तो अमेरिकी टीव्हीवर दाखवला गेला आणि पुढे त्याचे प्रक्षेपण हा तिथला जवळजवळ वार्षिक सण झाला. तेव्हाचे बहुसंख्य टीव्ही कृष्णधवल होते. म्हणजे करड्या कॅन्सासमधून रंगीत ऑझमध्ये दार उघडते, हा त्या सिनेमाचा प्राण असलेला क्षण बहुतेकांना दिसलाच नाही. तरीही सिनेमा लाडका झाला. फरक पुढे पडला. १९८०मध्ये तो व्हिडिओवर आला, १९८९मध्ये पन्नाशीची खास आवृत्ती निघाली, आणि तंत्र सुधारत गेले तशी दर वेळी चांगली प्रत काढली गेली. हे शक्य झाले कारण मूळ टेक्निकलरच्या निगेटिव्ह जपलेल्या होत्या. तिथे प्रत्येक नव्या माध्यमाने मूळ फिल्मकडे परत जाऊन सुरुवात केली. आपल्याकडे प्रत्येक नव्या माध्यमाने मागच्या माध्यमाची प्रत उचलली. मला दोन बाजारपेठांतला खरा फरक इथे दिसतो, पैशाचा फरक त्यानंतर येतो.

पैशाचा आक्षेपही टाळू नये. अठ्ठावीस रुपयांच्या डिस्कमागे कुणी किती खर्च करावा? उत्तर असे की खर्च डिस्कमागे नसतो, तो एकदाच, फिल्मवरून मूळ प्रत उतरवताना होतो. ती चांगली झाली तर तिच्यापासून स्वस्त व्हीसीडीही निघते, महाग डीव्हीडीही आणि वाहिनीचे प्रक्षेपणही. स्वस्ताईने चित्र बिघडवले नाही. एकदा नीट करायचे काम टाळून तीच टेप वीस वर्षे वापरत राहिल्याने ते बिघडले.

याहून अवघड आक्षेप प्रतिष्ठेचा आहे. फाळके आणि प्रभात यांचे जपून झाले का, की गंगारामाकडे वळायचे? पण आज ज्यांना आपण वारसा म्हणतो ते आपल्या काळी काय होते, हे आठवावे. दादासाहेब फाळके यांचा १९१७चा ‘लंकादहन’ हा हनुमानाच्या करामतींचा तुफान चाललेला खेळ होता. आज त्याचे सुमारे पाचशे फूट उरले आहेत. प्रभातचा १९३२चा ‘माया मच्छिंद्र’, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांचा, व्ही. शांताराम यांनी केलेला, हाही स्त्रीराज्य आणि नाथांच्या सिद्धींचा ट्रिक-दृश्यांनी भरलेला करमणूकपट होता. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा साठा जळाला, तेव्हा प्रभातच्या मूळ निगेटिव्हही त्यात गेल्या. लोकप्रिय सिनेमा हरवतो तो तुच्छतेने नव्हे, तर भरवशाने. सगळीकडे आहे, कुठे जाणार, या भरवशाने. प्रभातसाठी जे करायला उशीर झाला, ते १९९०च्या सिनेमासाठी अजून वेळेत होऊ शकते. त्यासाठी रांगेत कोण आधी हा वाद कामाचा नाही.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. २०१६नंतर स्वस्त डेटाने यूट्यूब सेनगावच्या शिवारातही पोचले. सिनेमा फुकट, केव्हाही. मग घरगुती आवृत्तीची चर्चा कशाला? कारण मोबाइलवर येणाऱ्या अनेक जुन्या मराठी सिनेमांच्या प्रती त्याच टेपच्या, त्याच डिस्कच्या आहेत. कोपऱ्यातल्या कंपनीच्या शिक्क्यावरून त्यांचे कूळ ओळखता येते. गंमत अशी की आता घरचा टीव्ही आणि आडवा धरलेला मोबाइल दोन्ही रुंद झाले आहेत, म्हणजे सिनेमास्कोपला अडवणारे कारणच उरलेले नाही, आणि नेमक्या याच वेळी त्या रुंद काचेवर ४ बाय ३चे कापलेले चित्र दोन्ही बाजूंना काळे सोडून बसते, किंवा ताणून माणसे जाडी केली जातात.

राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची घोषणा २०२२ साली झाली. मराठी निर्मात्यांनी, वाहिन्यांनी आणि राज्याच्या सांस्कृतिक खात्याने तिच्याकडे फक्त ‘अभिजात’ची यादी म्हणून पाहू नये. अनुदान देताना किंवा प्रक्षेपणाचे हक्क विकत घेताना एक अट घालता येते: प्रत मूळ फिल्मवरून, पूर्ण चौकटीत उतरवलेली असली पाहिजे. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला महोत्सवात, संग्रहालयात कधीतरी पूर्ण चित्र पाहायला मिळेलही. हिंगोलीच्या प्रेक्षकाकडे घरची प्रतच असते. त्याच्यासाठी ती थिएटरही आहे आणि संग्रहालयही. तिच्यावर होणारा खर्च म्हणूनच चैनीचा धरता येत नाही. ज्याने ‘धडाकेबाज’ला तीस-पस्तीस वर्षे जिवंत ठेवले, त्या प्रेक्षकाचे ते देणे आहे, आणि ते अजून चुकते झालेले नाही.