चिखलातून आलेली सायकल

मागच्या जुलैतली गोष्ट. मगरिबच्या आधी मुलगा सायकल हाताने ढकलत घरी आला. ढोपर फुटलेले, कपडे लाल मातीने माखलेले. मशिदीच्या उतारावर ब्रेक दाबला, पण सायकल थांबली नाही आणि तो चिऱ्याच्या गडग्यावर आदळला. अल्हम्दुलिल्लाह, ढोपरावर निभावले. नंतर पाहिले तर ब्रेकचे रबर चिखलाने झिजून संपले होते. आठ दिवस तो सांगत होता, "अब्बा, ब्रेक नीट लागत नाही." मी म्हणत होतो, "रविवारी बघू."

आमच्या कोकणात आता जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली घरोघर दिसतात. मुले त्या घेऊन पावसात सड्यावर, पाणंदीत हिंडतात. हिंडू द्यावे. पण जांभ्याची बारीक रेती तेलात मिसळली की तिचे वाटण होते आणि ते चेन, दाते, ब्रेक सारे खात राहते.

यावर आपला पहिला उपाय म्हणजे नळाला पाइप लावून जोराची धार मारणे. तेच चुकते. धारेने पाणी चाकांच्या आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये शिरते, ग्रीस निघून जाते आणि आत गंज धरतो. प्रेषित मुहम्मद (स.) सुमारे एक मुद, म्हणजे जेमतेम पाऊण लिटर पाण्यात वजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. सायकलीला एक बादली पुष्कळ झाली.

आधी मगाने वरून हळू पाणी ओतून चिखल भिजवावा. मग भांड्यांच्या साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश घेऊन वरून खाली यावे. चेन शेवटी घ्यावी. जुना टूथब्रश चेनला लावून पेडल उलटे फिरवले की मळ सुटतो. साध्या पाण्याने धुऊन सायकल दोनदा हलकेच आपटावी, म्हणजे अडकलेले पाणी झडते. त्यानंतर फडक्याने कोरडी करावी.

चेन पूर्ण सुकल्यावरच प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडावा आणि थोड्या वेळाने वरचे तेल पुसून घ्यावे. बाहेर राहिलेले तेल पुन्हा रेती धरते. सायकलचे तेल नसेल तर शिलाई मशीनचे चालते. पावसात ते लवकर धुऊन जाते, म्हणून वरचेवर घालावे. खोबरेल नको, ते चिकटते.

रबराच्या ब्रेकमध्ये रुतलेले खडे पिनेने काढावेत. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की ते बदलावे. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कला तेलाचा थेंबही लागू देऊ नये, ब्रेक धरत नाही. उतारावरून आल्या आल्या डिस्कला हात लावू नये, ती तापलेली असते.

महिन्यातून एकदा चेनला फूटपट्टी लावावी. नव्या चेनच्या 24 कड्या, खिळीच्या मध्यापासून खिळीच्या मध्यापर्यंत, बरोबर 12 इंच भरतात. अर्धा सूत वाढली की चेन बदलावी. एक सूत होईपर्यंत थांबलो तर दातेही बदलावे लागतात आणि खर्च वाढतो.

ईदीचे पैसे जमवून घेतलेली सायकल ही मुलाची अमानत आहे आणि मूल आपली. आता धुण्याचे काम तोच करतो. माझ्याकडे एकच काम आहे: तो बाहेर पडण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. त्यासाठी रविवारची वाट बघत नाही.